ट्रूमन आणि टेनेसी खरंच मित्र होते, की एडिटरने केले?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा होता. लिसा इमॉर्डिनो व्ह्रीलँडची 'ट्रूमन अँड टेनेसी: अ‍ॅन इंटिमेट कॉन्व्हर्सेशन' (२०२०) बघितली, ट्रूमन कपोटी आणि टेनेसी विल्यम्स या दोन अमेरिकन गे लेखकांच्या मैत्रीवरची डॉक्युमेंटरी, आवडली, पण शंका राहिल्या. दोघं वेगवेगळ्या मुलाखतींत बोलतायत, मग हा 'संवाद' कुठला? नटांच्या आवाजात पत्रं आणि डायऱ्या वाचून घेणं डॉक्युमेंटरीत चालतं का? मैत्री खरी होती का एडिटिंग टेबलवर बनवलीय? जुन्या हॉलीवूड फिल्म्सचे तुकडे जरा जास्त नाही झाले? आणि शेवटी हळूच, आईबरोबर बसून बघता येईल का.

मी गेली २३ वर्षं डॉक्युमेंटरी एडिट करतोय, त्यातल्या निम्म्या तरी जुन्या फुटेजवरच्या, म्हणजे मेलेल्या माणसांवरच्या. त्यामुळे अशी फिल्म मला पहिल्यांदा धड बघताच येत नाही, कटच दिसत राहतात. दुसऱ्यांदा मात्र गप बसून बघितली. दोन्ही बघण्यांतलं सांगतो, लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. मैत्री खरी होती, चाळीसेक वर्षांची होती. संवाद मात्र बनवलेला आहे, आणि त्यात लपवाछपवी काही नाही, फिल्म बघताना कुणालाही कळतं की हे वेगवेगळे तुकडे जोडलेत. मला खटकतं ते वेगळंच आहे. फिल्मने दोघांना तराजूच्या दोन पारड्यांत अगदी समसमान बसवलंय, आणि यांची मैत्री कधीच समसमान नव्हती. एक वर असताना दुसरा खाली, मग उलट, आणि त्या वरखाली होण्यातच सगळी गंमत आणि सगळं दुखणं होतं. ते एडिटमध्ये सपाट झालं.

आता हा संवाद बनतो कसा ते बघा, म्हणजे बाकीचं कळेल. व्ह्रीलँड बाईंकडे कच्चा माल तीन प्रकारचा. एक, टीव्हीच्या मुलाखती, मुख्यतः डेव्हिड फ्रॉस्ट आणि डिक कॅव्हेट यांच्या शोमधल्या. दोन, दोघांचं लिहिलेलं, पत्रं, डायऱ्या, आठवणी, गोष्टी, हे जिम पार्सन्स (कपोटी) आणि झॅकरी क्विंटो (विल्यम्स) वाचतात. तीन, त्यांच्या नाटकं-कादंबऱ्यांवरच्या हॉलीवूड फिल्म्सचे तुकडे आणि फोटो. खुर्चीत बसून 'टेनेसीचं विसाव्या शतकातलं स्थान' सांगणारा एकही प्राध्यापक नाही. यासाठी तर मी या बाईंना हात जोडतो. आमच्याकडे कुठलीही चरित्रपर डॉक्युमेंटरी घ्या, दर दोन मिनिटांनी पुस्तकांच्या कपाटासमोर एक काका येतात.

पण तज्ज्ञ काढून टाकले की एक अडचण होते, धागा कोण धरणार? बाइट, म्हणजे तज्ज्ञाच्या बोलण्याचा तुकडा, असला की तो माणूस सांगून टाकतो, 'मग १९४८ला असं झालं', आणि तुम्ही पुढे सरकता. तो नसला की एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायला निमित्त लागतं. इथे निमित्त म्हणजे फ्रॉस्ट. फ्रॉस्टने दोघांनाही त्याच धाटणीचे प्रश्न विचारले, प्रेम म्हणजे काय, मैत्री आणि प्रेम यात फरक काय, वगैरे. एकच होस्ट, एकच शो, मागचापुढचा काळही साधारण तोच, १९६९-७०. एडिटरच्या दृष्टीने ही लॉटरी आहे. ट्रूमनचं उत्तर संपतं, टेनेसीचं सुरू होतं, आणि तुम्हाला वाटतं हे एकमेकांशी बोलतायत.

यात एक बारीक तांत्रिक गोष्ट आहे, ती कुणी फारशी बोलत नाही. टॉक शोमध्ये पाहुणा सहसा ठरलेल्या एकाच बाजूला बसतो. त्यामुळे दोन पाहुण्यांचे क्लोजअप एकामागोमाग लावले तर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात, एसटीत पुढच्या-मागच्या सीटवर बसल्यासारखे. समोरासमोर बसल्याचा भास व्हायला एकाने डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे बघावं लागतं. म्हणजे चित्रातून संवाद होत नाही, तो आवाजातून करावा लागतो. आम्ही जे-कट म्हणतो तो, दुसऱ्याचा आवाज आधी आत येऊ द्यायचा आणि चेहरा मागून. किंवा पहिल्याचं वाक्य संपल्यावर त्याचा चेहरा दोन सेकंद तसाच ठेवायचा, म्हणजे तो ऐकतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो फ्रॉस्टचा पुढचा प्रश्न ऐकत असतो, किंवा ब्रेक कधी होतोय याची वाट बघत असतो.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः हेच केलंय आणि त्यात तोंडावर आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी संगीत नाटकातल्या दोन जुन्या नटांवर फिल्म करत होतो, दोघंही गेलेले, मुलाखती वेगवेगळ्या वर्षांतल्या, एक रेडिओची टेप, एक घरगुती व्हीएचएस. एकजण म्हणतो, 'तो माझ्यापेक्षा चांगला गायचा.' मी लगेच दुसऱ्याचा एक शॉट लावला, तो खाली बघतो, थांबतो आणि मग म्हणतो, 'होते दिवस.' थांबणं पुरेसं वाटेना म्हणून मी २२ फ्रेम्स वाढवल्या, म्हणजे सेकंदाला थोडं कमी. प्रिव्ह्यूला सगळे रडले. फक्त दुसऱ्या नटाची मुलगी नाही रडली, ती नंतर जवळ येऊन म्हणाली, दादा, बाबा असे थांबून कधी बोललेच नाहीत हो, आणि त्या वर्षी ते काकांशी बोलतही नव्हते. मी काय बोलणार? तो 'होते दिवस' थिएटरच्या मालकाबद्दल होता. २२ फ्रेम्स काढल्या, मग तो कटच काढला, मग फिल्म तिथे लंगडी झाली ती झालीच.

म्हणून 'ट्रूमन अँड टेनेसी'त जिथे जिथे बोलणं फार छान जुळतं तिथे मी मनात विचारतो, हा मुळात कुणाशी बोलत होता? यातला मजकूर बहुतेक एकमेकांना उद्देशून नाहीये. डायरी स्वतःशी आहे. पत्र तिसऱ्याच मित्राला आहे, आणि तिसऱ्याला लिहिताना माणूस दुसऱ्याबद्दल जरा जास्तच मसाला लावून लिहितो, आपण सगळेच करतो ते. विल्यम्सचं १९७५चं आत्मचरित्र वाचकांसाठी आहे, त्यात पोज आहे. आणि टीव्ही तर टीव्हीच, दोघंही जन्मजात नट, स्टुडिओतले प्रेक्षक हसले की चेहरा लगेच खुलतो. या चार वेगवेगळ्या वजनांच्या बोलण्याला एका पट्टीत आणलं की ऐकायला गोड लागतं, पण कोण कुणाला काय म्हणत होतं हे हरवतं.

आता मैत्रीचं खरं काय ते.

दोघांची भेट साधारण १९४०ची, कपोटीच्याच म्हणण्यानुसार तो सोळा वर्षांचा होता. विल्यम्सचा जन्म १९११चा, मिसिसिपीतलं कोलंबस. कपोटीचा १९२४चा, न्यू ऑर्लिन्स. म्हणजे तेरा वर्षांचं अंतर, आणि त्या वयात तेरा वर्षं म्हणजे काका-पुतण्याचं अंतर. साम्यं भरपूर आहेत आणि फिल्म ती मन लावून मोजते. दोघं दक्षिणेतले, दोघांनी जन्माचं नाव टाकलं (एक थॉमस लॅनियर विल्यम्स, दुसरा ट्रूमन स्ट्रेकफस पर्सन्स, कपोटी हे सावत्र वडिलांचं नाव), दोघांच्या घरी बापाचं प्रकरण कठीण, दोघांनी पुढे दारू आणि गोळ्यांत स्वतःला बुडवलं. दोघं न्यूयॉर्कमधल्या एकाच डॉक्टर मॅक्स जेकबसनकडून इंजेक्शनं घ्यायचे, ज्याला लोक 'डॉक्टर फीलगुड' म्हणायचे कारण त्या सुईत अ‍ॅम्फेटामिन असायचं. ठीक आहे, साम्यं आहेत. पण फक्त साम्यांवर मैत्री टिकत असती तर आमच्या गल्लीत कुणाची भांडणंच झाली नसती.

घरच्या दुखण्याची जात मात्र अगदी वेगळी होती, आणि मला वाटतं लिखाण इथेच वेगळं झालं. विल्यम्सची बहीण रोझ, १९४३ मध्ये तिच्या मेंदूवर लोबोटॉमीचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती आयुष्यभर संस्थांमध्येच राहिली. तो त्यातून कधीच बाहेर आला नाही, पहिलं गाजलेलं नाटक 'द ग्लास मेनाजरी' म्हणजे रोझच आहे, आणि पुढेही ती येतच राहते. त्याचं दुखणं अपराधीपणाचं, मी निघून गेलो आणि तिचं असं झालं. कपोटीचं दुखणं उलट, त्यालाच टाकून गेले होते. आईने त्याला अलाबामातल्या मन्रोव्हिल गावी नातेवाइकांकडे ठेवलं, तिथे शेजारी हार्पर ली नावाची मुलगी, पुढे 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लिहिणारी, होती हे तुम्हाला माहीत असेलच, आणि आईने १९५४ मध्ये आत्महत्या केली. एकाला वाटतं मी सोडलं, दुसऱ्याला वाटतं मला सोडलं. फिल्म या दोघांना 'दुःखी बालपण' या एका डब्यात घालते आणि पुढे जाते. मी असतो तर इथे वीस मिनिटं थांबलो असतो.

आणि मग यशाचा झोपाळा. १९४८ साल घ्या. विल्यम्स ३७चा, 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' डिसेंबर १९४७ला ब्रॉडवेवर आलंय आणि ४८ला पुलित्झर मिळवतंय, म्हणजे तो शिखरावर. (याच नाटकाचं मराठी विजय तेंडुलकरांनी केलं, 'वासनाचक्र', म्हणजे हा माणूस आपल्या रंगभूमीला अगदीच परका नाही.) कपोटी त्याच वर्षी २३चा पोरगा, पहिली कादंबरी 'अदर व्हॉइसेस, अदर रूम्स', आणि पुस्तकापेक्षा मागच्या कव्हरवरच्या फोटोचीच चर्चा जास्त, सोफ्यावर पडून तो कॅमेऱ्याकडे असा काही बघतोय की अमेरिकेतल्या समीक्षकांना घाम फुटला. पुढच्या वर्षी, १९४९ला, इटलीतल्या इस्किया बेटावर दोघं आपापल्या जोडीदारांसोबत, विल्यम्स आणि फ्रँक मर्लो, कपोटी आणि जॅक डन्फी. या काळात विल्यम्स मोठा, कपोटी धाकटा, आणि धाकट्याला त्याची जाणीव आहे. नंतर कपोटीनेही ब्रॉडवेवर हात मारून बघितला, १९५२चं 'द ग्रास हार्प' ३६ प्रयोगांत बंद पडलं. विल्यम्सचं घर जिथे होतं तिथे याला भाड्याची खोलीसुद्धा मिळेना.

आता १९६६ घ्या, कारण हे एकच वर्ष म्हणजे माझ्या मते अख्खी फिल्म आहे. जानेवारीत कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' पुस्तक म्हणून येतं, कॅन्ससमधल्या होल्कम गावातल्या क्लटर कुटुंबाच्या १९५९च्या खुनांवरचं, आणि तो अमेरिकेतला सगळ्यात चर्चेतला लेखक होतो. त्याच जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्टॅन्ली कॉफमन नावाचा समीक्षक लिहितो की समलिंगी नाटककार आपलं जगणं स्त्री-पुरुषांच्या गोष्टींत लपवून लग्नसंस्थेचं आणि बाईचं विकृत चित्र काढतायत. नाव घेत नाही, पण विल्यम्स, एडवर्ड अ‍ॅल्बी आणि विल्यम इंज यांच्याबद्दलच आहे हे सगळ्यांना कळतं. आणि फेब्रुवारीत विल्यम्सचं नवीन नाटक 'स्लॅपस्टिक ट्रॅजेडी' ब्रॉडवेवर लागतं आणि सात प्रयोगांत उतरतं. सात. मर्लो १९६३ला फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेलेला, घर रिकामं, हा गोळ्यांवर जगतोय. आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा तो धाकटा मित्र प्लाझा हॉटेलात 'ब्लॅक अँड व्हाइट बॉल' नावाची जंगी पार्टी देतो, ज्याचं आमंत्रण मिळावं म्हणून श्रीमंत लोक रडकुंडीला आलेले.

मित्राच्या यशाने पोटात दुखतं ते कसं असतं हे ज्याने नाटक-सिनेमात काम केलंय त्याला विचारा. शत्रूच्या यशाचा राग येतो आणि संपतो. मित्राच्या यशाला आपण टाळ्या वाजवतो, खऱ्याखुऱ्या वाजवतो, आणि घरी येऊन झोप लागत नाही. मला ते १९६६ फिल्ममध्ये हवं होतं, दोन पारड्यांपैकी एक एकदम खाली गेलेलं. तसं फारसं होत नाही, कारण फिल्मचा साचाच 'हा असा, तोही असा' आहे, आणि साचा मोडायचा तर सगळी लय बिघडते. मला एडिटरची अडचण समजते. तरी पण.

दुसरी गोष्ट, घातही झालाय. १९७५-७६ मध्ये कपोटीने 'आन्सर्ड प्रेअर्स' या कधीच पूर्ण न झालेल्या कादंबरीची प्रकरणं एस्क्वायर मासिकात छापली. नोव्हेंबर १९७५च्या 'ला कोत बास्क'मुळे त्याच्या श्रीमंत मैत्रिणी तुटल्या ती गोष्ट प्रसिद्ध आहे. पण मे १९७६च्या 'अनस्पॉइल्ड मॉन्स्टर्स'मध्ये मिस्टर वॉलेस नावाचा एक दारुडा दाक्षिणात्य नाटककार येतो, हॉटेलच्या घाणेरड्या खोलीत, सोबत बुलडॉग, पैसे देऊन माणूस बोलावलेला. विल्यम्सकडे बुलडॉग होते. अमेरिकेत साक्षर असलेल्या प्रत्येकाला कळलं हे कोण ते. मित्राला दारूच्या नशेत जे दिसलं ते मित्राने लिहून विकलं, सरळ सांगायचं तर हेच. आणि मग चार वर्षांनी, १९८०ला, कपोटीचं शेवटचं चांगलं पुस्तक 'म्युझिक फॉर कमिलिअन्स' येतं. अर्पणपत्रिका टेनेसी विल्यम्सला.

यात माफी होती का खुशामत का नुसती सवय, मला माहीत नाही आणि कुणी ठासून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण मित्र होते का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन छापील पानांमध्ये दिसतं, १९७६चं ते प्रकरण आणि १९८०ची अर्पणपत्रिका. मी एडिटर असतो तर ही दोन पानं एकामागे एक नुसती धरली असती, आवाज नाही, म्युझिक नाही, सहा-सहा सेकंद.

आता आवाजाचा प्रश्न. चालतं का? चालतं, जगभर चालतं, कायद्याने आणि नीतीनेही, फक्त वाचणारा कोण ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे, आणि इथे ते कळतं. कास्टिंग तर हुशारीचं आहे. पार्सन्स टेक्सासचा, दोघंही नट उघडपणे गे, दोघांनी 'द बॉइज इन द बँड' एकत्र केलेलं, आणि क्विंटोने २०१३ला ब्रॉडवेवर 'ग्लास मेनाजरी'त टॉमची भूमिका केलेली, म्हणजे विल्यम्सने स्वतःवरच बेतलेलं पात्र. त्याच्या तोंडात ती वाक्यं आधीच बसलेली होती, आणि ते ऐकू येतं.

अडचण पार्सन्सची आहे, आणि ती त्याची चूक नाही. कपोटीचा खरा आवाज इतका विचित्र आहे, बारीक, ताणलेला, नाकातून, की एकदा ऐकला की विसरता येत नाही. हा पार्सन्स त्याची नक्कल करत नाही, थोडा हेल फक्त घेतो, जे एरवी बरोबरच आहे. पण आर्काइव्हमधला खरा ट्रूमन बोलला आणि चार सेकंदांनी पार्सन्स बोलला की कानाला खडा लागतो, भातातल्यासारखा. माझा नियम साधा आहे, खरा आवाज आणि वाचलेला आवाज यांच्यात किमान एक श्वास तरी पाहिजे, म्हणजे मधे नुसता रूम टोन (कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो), किंवा एखादा फोटो ज्यावर कुणीच बोलत नाही. लोकांना वाटतं जागा रिकामी राहिली, एडिटर झोपला. अहो, ती रिकामी जागाच सांगते की आता माणूस बदलला. या फिल्ममध्ये बोलणं फार आहे, सतत कुणीतरी बोलतंय. दोघंही बडबडे होते हे मान्य, पण विल्यम्सचं ते मोठ्याने खदाखदा हसणं, जे तो दुःखाच्या जागीही हसायचा, त्याला सुटी जागा मिळायला हवी होती.

फिल्म्सच्या तुकड्यांबद्दल पटकन. तुम्हाला ते जास्त वाटले, मला कमी. हॉलीवूडच्या प्रॉडक्शन कोडने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांनी, दोघांचं काय केलं ते त्यात दिसतं. 'स्ट्रीटकार'च्या १९५१च्या फिल्ममधून नायिका ब्लांशचा नवरा गे होता हे गाळलं, 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' (१९५८)मध्ये ब्रिक आणि त्याच्या मेलेल्या मित्राची गोष्ट इतकी धुऊन काढली की हिरो दारू का पितोय हेच कळत नाही. कपोटीला 'ब्रेकफस्ट अ‍ॅट टिफनीज'साठी मेरिलिन मन्रो हवी होती, मिळाली ऑड्री हेपबर्न, आणि मूळ गोष्टीतला तो निनावी, नायिका हॉलीशी प्रेमप्रकरण वगैरे नसलेला निवेदक फिल्ममध्ये देखणा हिरो झाला आणि शेवटी पावसात किस. म्हणजे दोघांच्याही गोष्टींतून कापला गेलेला भाग एकच होता. इथे मात्र साम्य खरं आहे आणि फिल्मने ते नीट पकडलंय.

याला जोडून एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही पण मला सांगायचीय. मी स्वतः गे आहे, पन्नाशी कधीच ओलांडली, आणि माझा एक मित्र आहे, तोही गे, तीस वर्षांची दोस्ती, आमच्यात कधी काही नव्हतं. लोकांना हे पटतच नाही. बायका-पुरुषांना नाही पटत, आमच्यातल्यांनाही नाही पटत, 'काहीतरी झालंच असणार'. पडद्यावर दोन गे पुरुष आले की एकतर प्रेमात असतात नाहीतर एक मरतो. दोन गे पुरुष, दोघांना आपापले वेगळे जोडीदार, आणि यांच्यात नुसती मैत्री, टोमणे, उसनवारी, मत्सर, एकमेकांच्या जोडीदारांवर बारीक शेरे, एकमेकांची चोरून स्तुती, हे मी पडद्यावर जवळपास बघितलेलंच नाही. यासाठी मी या फिल्मचे सगळे दोष माफ करतो. फ्रॉस्ट जेव्हा १९७०ला विल्यम्सला समलिंगी असण्याच्या विषयावर खोदतो तेव्हा तो काय सावरून घेत, हसत उत्तर देतो ते बघा, सरळ हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. लक्षात घ्या, न्यूयॉर्क राज्यात तेव्हाही समलिंगी संबंध हा गुन्हाच होता, कोर्टाने तो १९८०ला काढला. कपोटी मात्र कुठल्याच काळात काही लपवताना दिसत नाही, तो आवाज घेऊन लपणार तरी कसा. इथेही दोघं समान नव्हतेच. एक बोलायला घाबरायचा आणि नाटकात सगळं ओतायचा, दुसरा टीव्हीवर बिनधास्त आणि कागदावर जपून, गाजलेली पुस्तकं बघितली तर.

शेवट तुम्हाला माहीत आहे. विल्यम्स फेब्रुवारी १९८३मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल एलिझेमध्ये गेला, आधी सांगितलं बाटलीचं बूच घशात अडकलं, नंतर गोळ्यांवर आलं. कपोटी ऑगस्ट १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये मैत्रिणीच्या घरी, साठीला महिना बाकी असताना. मधल्या दीड वर्षात त्याने विल्यम्सच्या आठवणी लिहिल्या, त्या जानेवारी १९८४च्या प्लेबॉयमध्ये आल्या. (आगाऊ माहिती, कपोटीच्या राखेचा एक भाग २०१६ला लिलावात ४३ हजार डॉलर्सच्या वर गेला. त्याला हे प्रचंड आवडलं असतं आणि विल्यम्स त्यावर तसाच खदाखदा हसला असता.)

परत बघणार असाल तर एक करा. फ्रॉस्टचे तुकडे येतील तेव्हा दोन मिनिटं आवाज बंद करून नुसते हात बघा. आवाज काढला की यांचा संवाद विरघळतो आणि दोन वेगळी माणसं शिल्लक राहतात, दोन वेगळ्या रात्री, दोन वेगळ्या तऱ्हेने घाबरलेली.

आणि हो, आईबरोबर. बघा बिनधास्त, दाखवण्यासारखं उघडंनागडं काही नाही, दारू-गोळ्यांची आणि सेक्सची बोलणी आहेत तेवढी. मी माझ्या आईबरोबर बघितली, ७८ वर्षांची, इंग्रजी जेमतेम, मधे मधे मी सांगत होतो. अर्ध्या तासाने म्हणाली, हे दोघं एकमेकांबद्दल इतकं बोलतायत, एकदा फोन लावून भांडून का नाही टाकत? आणि मग उठून भाजी बघायला गेली.